सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकचा पाइप घरी आखूड करायचाय. वाइस, टॉर्क पाना, होज कटर यातलं काहीच नाही

कोथरूड_ते_पानशेत

नमस्कार मंडळी.

गाडी हार्डटेल एमटीबी (डोंगरी सायकल, मागे सस्पेन्शन नाही), पुढे १०० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क, दोन्हीकडे शिमानो एमटी २०० हायड्रॉलिक ब्रेक. मूळ हँडल ७६० मिमी रुंद होतं. आमच्या लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी केल्याशिवाय मावत नाही आणि ते हँडल दर वेळी दाराला घासायचं, म्हणून ६६० चं बसवून घेतलं. हँडलबद्दल तक्रार नाही, तक्रार पाइपांची आहे. दोन्ही पाइप आता दिव्याच्या समोर वीतभर पुढे येतात. पहाटे अंधारात पानशेतच्या रस्त्याला लागलं की त्यांची सावली बरोबर माझ्या वाटेत पडते. पुढे खड्डा आहे की सावली, हे अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरच्या आरशात पुढचा पाइप अडकतो तो वेगळाच.

दुकानात विचारलं तर म्हणाले, पाइप कापला की दोन्ही ब्रेकचं पूर्ण ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, आलंच, गाडी सोमवारपर्यंत ठेवून जा. मला गाडी लागते तीच शनिवार-रविवारी.

माझ्याकडे ॲलन कीचा सेट, आठचा पाना, ब्लेड मोडून वापरतात तो कटर, हातोडी आणि पक्कड एवढं आहे. ब्लीडिंग किट नाही, पण स्वस्तातलं घ्यायला हरकत नाही. विचारायचं ते असं: नेमका किती कापायचा हे कसं ठरवायचं? पूर्ण ब्लीडिंग खरंच लागतं का? आणि एवढ्या हत्यारांत हे काम होईल की मी स्वतःला संकटात घालतोय?

चिखलगाडी

सोपंय रे. गिअरच्या केबलचा कटर घे, कचकन काप, नवीन ऑलिव्ह (जोडातली पितळी कडी) घाल, नट आवळ. माझा तसाच चाललाय. उगाच फार सायन्स करू नकोस.

तळेगावचा_फिटर

थांब जरा. कापण्याआधी पाइपवर काय छापलंय ते वाचून इथे लिही. अक्षरं बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघ.

कोथरूड_ते_पानशेत

काका, "एसएम-बीएच५९" असं आहे. दोन्ही पाइपांवर तेच.

तळेगावचा_फिटर

ठीक. विचारलं कारण शिमानोच्या पाइपांत तुला दोन जाती भेटतील, बीएच५९ आणि बीएच९०. बाहेरून दोन्ही ५ मिमी जाडीचे, सारखेच दिसतात. पण पाइपाच्या तोंडात जी धातूची बारीक नळी ठोकायची असते, जिला इन्सर्ट म्हणतात, ती ५९ ला १३.२ मिमी लांबीची लागते आणि ९० ला ११.२ मिमी. एकाची दुसऱ्याला चालत नाही. ऑनलाइन विकणारे "शिमानोसाठी" एवढंच लिहून मोकळे होतात. पुडी आली की व्हर्नियरने मोज, नसेल तर पट्टीवर ठेवून बघ, २ मिमीचा फरक डोळ्यांनाही दिसतो.

आता खरेदी. बीएच५९ चे इन्सर्ट आणि ऑलिव्ह, दोन ब्रेक असले तरी चार-चार घे. शिमानोचंच मिनरल ऑइल, लाल रंगाचं, छोटी बाटली. लिव्हरवर बसणारी तेल ओतायची फनेल, एम५ आट्यांची, स्वस्त किटमध्ये ती असतेच. कटरची नवी ब्लेडं. आयसोप्रोपिल अल्कोहोल बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतं, सर्किट बोर्ड पुसायला तेच वापरतात. बाकी किरकोळ काहीही बोहरी आळीत. पण ऑलिव्ह मात्र बोहरी आळीत शोधू नकोस. तिथे पितळी फेरूल मिळतात, मापाला जवळपासचे वाटतात, दुकानदार आग्रहाने देतोही. ते गॅसच्या आणि पाण्याच्या पाइपांसाठी आहेत. हा जोड तुझ्या ब्रेकचा आहे. पैसे वाचवायचे तर हत्यारांत वाचव, ह्या दोन बारीक वस्तूंत नको.

हा जोड धरतो कसा ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. ऑलिव्ह ही पितळी कडी. नट आवळला की ती दबते आणि पाइपाला बाहेरून घट्ट चावते. पाइप प्लॅस्टिकचा, बाहेरून असा दाबला तर तो आत चेपला जाईल. तो चेपू नये म्हणून आतून आधार देतो इन्सर्ट. बाहेर ऑलिव्ह, मध्ये पाइप, आत इन्सर्ट, असे तीन थर एकमेकांवर दाबले जातात आणि तेल अडतं. म्हणून पाइपाचं तोंड तिरकं कापलेलं असेल किंवा इन्सर्ट पूर्ण आत गेलेला नसेल, तर नट कितीही आवळ, तेल पाझरणार. लगेच पाझरणार नाही. घाट उतरताना, जोरात ब्रेक धरल्यावर पाझरेल.

किती कापायचा. आधी दोन्ही चाकं लावलेली असतानाच मोज. पुढच्या पाइपासाठी हँडलखाली हात घालून पुढचं चाक उचल, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होईल. फोर्क दबला की लिव्हर आणि कॅलिपर (चाकापाशी डिस्कला पॅडने धरणारा भाग) जवळ येतात, लांबला की दूर जातात, म्हणजे पाइप सर्वांत जास्त ताणला जाणार तो फोर्क लांब असताना. त्याच स्थितीत हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव. पडल्यावर हँडल फ्रेमला लागेपर्यंत फिरतं, तेवढं फिरवून बघ. तरीही लिव्हरपाशी पाइप सरळ ताणला जाता कामा नये, थोडा बाक राहिला पाहिजे. मग फोर्क दाबून बघ, पाइप फुगून टायरला किंवा डिस्कला लागत नाही ना. मागच्या पाइपाला तुझ्या हार्डटेलमध्ये फक्त हँडल वळण्याचा हिशेब, मागे काही हलत नाही.

समजा ९ सेंटिमीटर जादा आहे असं ठरलं. ते लिव्हरच्या तोंडापासून पट्टी लावून मोजू नकोस, कारण पाइपाचा थोडा भाग लिव्हरच्या आत असतो आणि तो धरायचा की सोडायचा यात माणूस गोंधळतो. पाइप बाहेर काढल्यावर त्याच्या जुन्या टोकापासूनच ९ मोज. आत जाणारी लांबी नव्या टोकालाही तेवढीच राहते, हिशेब आपोआप जुळतो. पहिल्यांदा ९ च्या जागी ७ च काप. लावून बघ, जादा वाटला तर अजून काप. आणि कापलेला तुकडा टाकू नकोस. कटर चालवायचा सराव त्याच्यावर कर, काटकोनात कापता येतंय ह्याची खात्री झाली की मगच पाइपाचं शेवटचं तोंड काप.

आता प्रत्यक्ष काम, एका वेळी एकच ब्रेक. ज्या ब्रेकचं काम त्याचं चाक काढ. पॅड काढून झाकणाच्या डब्यात टाक आणि डबा दुसऱ्या खोलीत ठेव. तेलाचा हात लागलेला पॅड नंतर कितीही घासला, गॅसवर भाजला तरी परत पहिल्यासारखा होत नाही, किंचाळतो तो किंचाळतोच. पॅडच्या जागी किटमधला पिवळा ठोकळा घाल, म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाहीत.

लिव्हरवरून पाइप बाहेर येतो तिथला रबरी बूट मागे सरकव. आता गाडी त्याच लिव्हरच्या बाजूला कलती कर, जुन्या सतरंजीवर, भिंतीला टेकवून. तुझ्या लिव्हरमधून पाइप हँडलच्या मधल्या बाजूला निघतो, त्यामुळे गाडी कलली की ते तोंड वर येतं आणि लिव्हरमधलं तेल जागेवर राहतं. आठच्या पान्याने नट सोड आणि पाइप सरळ ओढून काढ. पाइपाचं टोकही वरच धरायचं. त्यातलं तेल सांडेल अशी भीती वाटते, पण खालचं टोक बंद आहे. रसाच्या पेल्यातल्या स्ट्रॉवर बोट ठेवलं की रस आतच राहतो, तसंच. आतलं भोक सुमारे २ मिमीचं, म्हणजे १० सेंटिमीटर पाइपात तेल मावतं जेमतेम ०.३ मिली. ह्याच्यासाठी सोमवारपर्यंत गाडी ठेवायची?

इथून पुढे जोड परत बसेपर्यंत लिव्हर दाबायची नाही. अजिबात नाही. घरात लहान पोरं असतील तर दार लावून घे, सायकलची लिव्हर दिसली की पोरं दाबतातच. उघड्या तोंडाने एकदा जरी दाबली तरी तेलाची पिचकारी भिंतीवर आणि सिलिंडरात हवा. मग पूर्ण ब्लीडिंगच.

नट आणि बूट पाइपावर मागे सरकवून खुणेच्या पलीकडे न्यायचे, कपड्यांचा चिमटा लावून अडवायचे. कापून झाल्यावर ते परत ओवायचं म्हटलं की हमखास क्रम चुकतो. आधी बूट, मग नट, मग ऑलिव्ह.

कापताना पाइप सपाट कडक लाकडावर ठेव, बाजूला काटकोनाची एखादी धार, नवीन ब्लेड, आणि सरळ खाली एका दाबात. करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही, त्याने प्लॅस्टिकचा भुसा आणि विणीचे धागे आत जातात. केबल कटरने पाइप आधी चेपतो आणि मग कापला जातो, भोक अंडाकृती होतं. चिखलगाडी, तुमचा चाललाय हे चांगलंच आहे, पण नटाच्या भोवती रात्री टिश्यू पेपर गुंडाळून सकाळी बघा एकदा.

कापलेलं तोंड उजेडात धरून बघ, भोक गोल हवं. थोडं चेपलं असेल तर स्वच्छ पुसलेल्या दाभणाने हलकेच गोल करून घे. मग इन्सर्ट. तो बोटांनी जात नाही. पाइप दोन ठोकळ्यांत घट्ट धरून हातोडीने हलक्या हाताने ठोकायचा, त्याची कड पाइपाच्या तोंडाला चिकटून बसेपर्यंत. ऑलिव्हला बाहेरून ग्रीसचं बोट लाव, पाइप लिव्हरमध्ये तळाला टेकेपर्यंत घाल, एका हाताने आत दाबूनच धर आणि दुसऱ्या हाताने नट फिरव. हे आत दाबून धरणं बहुतेक जण विसरतात. पाइप अर्धा मिलिमीटर बाहेर आला की ऑलिव्ह चुकीच्या जागी चावतो, आणि एकदा चावलेला ऑलिव्ह परत सरकत नाही. म्हणून चार घ्यायला सांगितले.

नट ५ ते ७ न्यूटन-मीटर आवळायचा. टॉर्क पाना नाही म्हणतोस. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकचा काटा घरात असेल. पान्याची लांबी नटाच्या मध्यापासून मोज. १० सेंटिमीटर भरली तर टोकाला काटा अडकवून काटकोनात ५ ते ७ किलो दिसेपर्यंत ओढ. पाना १२ सेंटिमीटरचा असेल तर ५ किलोला थांब. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचा हात सांगतो तेवढंच हा काटा सांगतो, आणि हाताला अहंकार असतो, काट्याला नसतो.

मग हवा. गाडी सरळ उभी कर. लिव्हर फिरवून आडवी कर, वरचा छोटा स्क्रू सर्वांत उंच येईल अशी. २.५ च्या ॲलन कीने तो काढ, त्याची बारीक ओ-रिंग हरवू नकोस. फनेल लाव, बोटभर तेल ओत. लिव्हर सावकाश दाब-सोड कर, पाइपावर कॅलिपरपासून वरपर्यंत बोटाने टिचक्या मार. जोडापाशी अडकलेली हवा लिव्हरच्या अगदी शेजारी आहे आणि हवेला वरच जायचं असतं, म्हणूनच पाइप लिव्हरकडून कापतात, कॅलिपरकडून नाही. बुडबुडे थांबले की लिव्हर थोडी वर, थोडी खाली कलती करून परत दाब, साधारण ३० अंश. कोपऱ्यात लपलेले तेव्हा निघतात. लिव्हर कडक झाली की फनेलचं बूच लावून ती काढ, तेल काठोकाठ असतानाच स्क्रू लाव. तो स्क्रू अगदी हलका, ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर. त्याचं काम ओ-रिंग करते, ताकद लावलीस तर आटे जातील. कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तिथल्या हवा काढायच्या तोंडाला, हात लावायची गरज नाही.

सगळं अल्कोहोलने पूस, साबणाने हात धू, मग पॅड आण.

पेडलकरीण

काकांनी ठोकळे कुठून आणायचे ते सांगितलं नाही. 🙂 माझ्याकडेही वाइस नाही, सांगलीत फ्लॅटमध्ये राहते, गॅलरीतच काम चालतं. दादा, फळांच्या खोक्याची जरा जाड लाकडी पट्टी घ्या. ५ मिमीच्या ड्रिलने आरपार भोक पाडा. मग भोकाच्या बरोबर मधून करवतीने पट्टी उभी चिरा. दोन फाका होतात, प्रत्येकीत अर्धं भोक. करवतीच्या पात्याएवढं लाकूड गेलेलं असतं, त्यामुळे फाका पाइपावर ठेवून आवळल्या की पाइप घट्ट धरला जातो आणि चेपत नाही. जी-क्लॅम्पने टेबलाच्या कडेला लावा, टेबलावर जुनी चादर. नवीन पाइपच्या पाकिटात शिमानो पिवळे ठोकळे देते ते ह्याचंच प्लॅस्टिक रूप.

पाइपाचं तोंड ठोकळ्याच्या वर जास्त ठेवू नका, मिलिमीटरभर बस. जास्त असेल तर ठोकताना पाइप वाकतो आणि इन्सर्ट तिरका जातो.

आयसोप्रोपिल इकडे मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून अर्धी बाटली मागून आणते मी. देतात.

कोथरूड_ते_पानशेत

काका, ताई, दोघांचे आभार. पुढच्या ब्रेकचं काम काढलंय, तिथेच गाडी अडली आहे. तुकड्यावर सराव केला, कापणं छान जमलं. पण इन्सर्ट ठोकताना शेवटचा एक मिलिमीटर आत जातच नाही. कड आणि पाइपाचं तोंड यांच्यात नखाची कड जाईल एवढी फट आहे. नट आवळला की ती फट दाबून बसेल का? पाइप गरम करून मऊ करू का?

तळेगावचा_फिटर

नाही, आणि नाही.

नट पाइपाला ओढतो, इन्सर्टला नाही. फट राहिली तर तशीच आत राहील, आणि पाइप तेवढाच बाहेर राहील. गरम केलास तर आतला थर मऊ होऊन आकार सोडेल.

इन्सर्ट काढायच्या फंदात पडू नकोस. तेवढा सव्वा-दीड सेंटिमीटर कापून टाक आणि नव्याने कर. ७ कापायला सांगितलं होतं ते ह्याचसाठी. ठोकताना दोन गोष्टी बघ. एक, कापलेल्या तोंडापाशी आत प्लॅस्टिकची कुसळ वळलेली असेल, ती ब्लेडच्या टोकाने काढ आणि दाभण फिरव. दुसरी, हातोडीचे टोले बघ. मोठी हातोडी असेल तर छोटी घे. हलके, सरळ, बरेच टोले. इन्सर्ट आत जात असतो तोवर आवाज बद्द येतो. कड टेकली की आवाज बदलतो, टणक येतो. तो ऐकू आला की थांब, पुढचा टोला मारलास तर कड पसरते आणि पाइप लिव्हरच्या तोंडात जात नाही. दुसरं तेल, साबण काही लावू नकोस, पाइपात आधीच तेल आहे.

कोथरूड_ते_पानशेत

बसला! आवाज बदलतो हे अगदी खरं. बॅगेच्या काट्यावर ६ किलोला थांबलो, पाना १० चा आहे. फनेलमध्ये बुडबुडे आले, मग बंद झाले. लिव्हर कडक, गल्लीत फेरी मारली, ब्रेक उत्तम.

पण एक विचित्र प्रकार आहे. गाडी लिफ्टने वर नेली की लिव्हरचा पहिला दाब मऊ लागतो, अगदी हँडलजवळ येतो. दोन-तीनदा दाबली की परत कडक. खाली रस्त्यावर तासभर चालवली तर काही होत नाही. फक्त लिफ्टनंतर.

तळेगावचा_फिटर

छान निरीक्षण. तू लिफ्टमध्ये गाडी मागच्या चाकावर उभी करतोस हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतंस.

लिव्हरमध्ये तेलाची छोटी टाकी असते. टाकीत वर थोडी हवा राहिली तर गाडी आडवी चालताना ती वरच बसते, ब्रेकला त्रास देत नाही. गाडी उभी केलीस की लिव्हर काटकोनात फिरते, टाकीचा वरचा भाग बाजूला जातो, आणि ती हवा सिलिंडरात जाणाऱ्या बारीक छिद्रावर येऊन आत शिरते. दोन-तीनदा दाबलं की परत टाकीत जाते. उलटी करून पंक्चर काढणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

जोड ठीक आहे, तिथे हात लावू नकोस. फनेल परत लाव आणि फक्त टाकीतली हवा काढ. लिव्हर दाबून धरून ठेवायची नाही, पटकन सोडायची, म्हणजे टाकीतलं तेल हलतं. हँडल डावीकडे-उजवीकडे वळव, गाडी पुढे-मागे कलती कर, लिव्हरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने टकटक कर. मोठा एकच बुडबुडा येईल बहुधा. स्क्रू लावताना तेल भोकातून वर फुगलेलं दिसलं पाहिजे, थोडं ओघळलं तरी चालेल, खाली फडकं धर. मग मुद्दाम गाडी पाच मिनिटं उभी करून ठेव आणि दाबून बघ.

त्याशिवाय सिंहगडाकडे जाऊ नकोस. वर पोहोचून थोडा वेळ गाडी कुठेतरी उभी करून ठेवलीस आणि उतरताना पहिल्याच वळणाला लिव्हर हँडलला लागली, असं नको.

बंगळुरात_वाढलेला_दाढीवाला

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे शिमानोऐवजी स्रॅम कंपनीचे ब्रेक असतील तर हे जसंच्या तसं करू नका. कल्पना तीच, तपशील वेगळे.

स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉट तेलावर चालतात, डॉट ४ किंवा ५.१. डीबी-८ आणि मेवन हे मिनरलवाले, म्हणजे लिव्हरवर काय लिहिलंय ते बघूनच बाटली उघडा. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल घातलं तर रबरी सील फुगून जातात. उलटं केलं तरी सील खराब होतात. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं तेल असतं, ५.१ च्या शेजारच्या फळीवर, ते अजिबात नाही.

डॉट तेल रंग खातं. फ्रेमवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नुसतं पुसून चालत नाही. हवेतली वाफही शोषतं, त्यामुळे उघडी बाटली पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश लागतो, ओलं झाल्यावर १५५ पर्यंत चालतो असं मानकच सांगतं. ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०.

आणि इन्सर्ट ठोकायचा नसतो. स्रॅमच्या इन्सर्टला, म्हणजे बार्बला, आटे असतात, टी८ च्या टॉर्क्स कीने पाइपात स्क्रूसारखा फिरवत न्यायचा. हातोडी मारली तर पाइप फाटेल. आठचा पाना मात्र इथेही तोच.

पेडलकरीण

बाइकचं ब्रेक ऑइल घरात आहे, ते चालेल का, असं मला आमच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ते डॉट असतं. शिमानो, टेकट्रो, मागुरा यांना नाही. शिलाईयंत्राचं तेल पण नाही, ते मिनरल असलं तरी.

कोथरूड_ते_पानशेत

मोठा एकच बुडबुडा आला, काका! पाच मिनिटं उभी करून ठेवली, लिव्हर कडक.

मागचा उद्या करतो. त्याचा पाइप फ्रेमच्या आतून जातो, त्यात काही वेगळं?

तळेगावचा_फिटर

लिव्हरकडच्या टोकालाच काम आहे, फ्रेममधून पाइप काढायचा नाही. फक्त फ्रेममध्ये पाइप शिरतो तिथलं रबरी बूच आधी सैल करून बघ. आतमध्ये जादा पाइप कोंबलेला असू शकतो, कारखान्यात तसं करतात. तो बाहेर ओढून, मग हँडल वळवून लांबी ठरव. नाहीतर बाहेरून बघून कमी कापशील आणि आतला तुकडा खडबडीत रस्त्यावर फ्रेममध्ये खडखडत राहील.

चिखलगाडी

काका, टिश्यू लावला होता रात्री. नटाच्या खाली गुलाबी डाग आहे, रुपयाएवढा. लिव्हर अजून कडकच आहे पण. नट अजून थोडा आवळू का?

तळेगावचा_फिटर

आवळू नका. ऑलिव्ह एकदा चावलाय, आता आवळाल तर नटाचे किंवा लिव्हरचे आटे जातील आणि गळती थांबणार नाही. चेपलेलं तोंड आहे, दोन सेंटिमीटर कापून नवा ऑलिव्ह, नवा इन्सर्ट, ब्लेडने. पाइप खाली कॅलिपरपर्यंत पुसून बघा, तेल ओघळून पॅडपर्यंत गेलं असेल तर पॅडही बदला. तोवर त्या गाडीवर घाटात जाऊ नका. दोन सेंटिमीटर कमी करण्याएवढा पाइप शिल्लक आहे का? हँडल दोन्हीकडे वळवून सांगा.